थोरल्याचं बोलणं संगीताखाली गेलं: एका माहितीपटाचं प्रकरण

पश्चिम विदर्भातलं कापूस-तुरीचं गाव. रस्त्याला लागून नवी घरं, नाल्यापलीकडे जुनी वस्ती. याहून जास्त पत्ता मी देणार नाही. का, ते पुढे येईलच. त्या वस्तीतल्या एका भावकीत तीन पिढ्यांपासून काही मुलं जन्मतःच बहिरी निपजत आली आहेत. नागपूरच्या काही तरुणांनी त्यावर छोटा माहितीपट केला. मी जिल्ह्याच्या ठिकाणी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत विशेष शिक्षिका आहे. या घरातली एक मुलगी आमच्याकडे शिकून गेली, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. चित्रीकरणाला मी रोज नव्हते. मी नसताना जे घडलं आणि नंतर जे उघड झालं, त्यासाठीच हे प्रकरण लिहून ठेवते आहे.

घरातली माणसं

नावांऐवजी नात्यांनीच सांगते. थोरला पन्नाशीच्या पुढचा, जन्मापासून बहिरा, लग्न झालं नाही, शाळेचं तोंड पाहिलं नाही. डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींतून डवरा चालवायला, त्याच्या हाताचा माणूस गावात दुसरा नाही, असं शेजारचे शेतकरीच सांगतात. त्याचा धाकटा भाऊ घरचा कारभारी. त्याला ऐकू येतं. त्याची बायको त्याच्या मामाचीच मुलगी, तिलाही ऐकू येतं. या दोघांना तीन मुलं. मोठा मुलगा ऐकणारा, मधली मुलगी बहिरी (आमच्या शाळेची ती हीच), धाकटी मुलगी ऐकणारी आणि आता लग्नाची. मोठ्या मुलाचं लग्न त्याच्या आत्याच्या मुलीशी झालं आणि त्यांना चित्रीकरणाच्या सुमारास काही महिन्यांची मुलगी होती. शिवाय थोरल्याचा एक चुलतभाऊ आहे, तोही बहिरा. त्याची बायको दुसऱ्या जिल्ह्यातली, तीही बहिरी. त्यांच्या दोन्ही मुलांना मात्र चांगलं ऐकू येतं.

गावाला हाच गुंता सुटत नव्हता. ऐकणाऱ्या आईबापांना बहिरं लेकरू होतं आणि बहिऱ्या जोडप्याची लेकरं ऐकतात, हे कसं? ज्याला जे सुचलं ते त्यानं कारण ठरवलं. म्हातारी आजी म्हणाली, "माह्या सासऱ्यानं धुऱ्यावरचं वारूळ खंदलं होतं, तवापासून लागलं हे आमच्या मांगं." शेजाऱ्याचं म्हणणं, "पाणीच खराब हाये इथलं." माहितीपटाच्या पहिल्या आवृत्तीत ही दोन्ही कारणं आली होती. वारुळाचं दृश्य सुंदर टिपलं होतं, संध्याकाळच्या उन्हातलं. विहिरीच्या दृश्यावर निवेदक म्हणत होता की या पाण्यात काय दडलंय कोण जाणे.

पाण्याचा संशय अगदीच हवेतून आलेला नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, दात पिवळे-तपकिरी पडलेली मुलं लोकांनी पाहिली आहेत. पण फ्लोराइडचा मारा दातांवर आणि हाडांवर होतो. बाळ जन्मतः बहिरं होण्याचं ते कारण नाही. आणि त्याहून साधी गोष्ट म्हणजे त्या विहिरीचं पाणी सगळी वस्ती पिते, बहिरेपण मात्र एकाच भावकीत फिरतं. हे निवेदकाला दिसत नव्हतं असं नाही. विहिरीचं गूढ पडद्यावर शोभत होतं, म्हणून ते राहिलं.

कारण

आमच्या ओळखीच्या श्रवणतज्ज्ञांनी घराची वंशावळ मांडून घेतली आणि इतर कारणं एकेक करून तपासली. गरोदरपणातला रुबेला, जन्मल्यावर बाळ न रडणं, मेंदूपर्यंत गेलेली कावीळ, मेंदूज्वर, कानाला मारक औषधं, आयोडीनची तीव्र कमतरता: या सगळ्यांनी मूल बहिरं होऊ शकतं. आयोडीनच्या तीव्र कमतरतेत बहुधा वाढ आणि बुद्धीही खुंटते. इथली बहिरी माणसं धडधाकट आणि तल्लख आहेत. बाळंतपणांत सांगण्यासारखं काही नव्हतं. वंशावळीचा आकार मात्र बोलका होता: ऐकणारे, एकमेकांच्या नात्यातले आईबाप आणि त्यांच्या पोटी मुलगा किंवा मुलगी असा भेद न होता आलेलं बहिरेपण. याला अप्रभावी आनुवंशिकता म्हणतात.

त्याचा अर्थ असा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. माणूस ऐकतो, पण वाहक असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता अशी की दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच बाळाकडे जातील. प्रत्येक खेपेला म्हणजे नव्यानं. एक मूल बहिरं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. वाहक कुठेही असू शकतो. पण मामाची मुलगी किंवा आत्याची मुलगी केली की तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. या घरात तो दोन पिढ्या लागोपाठ वाढत गेला.

चुलतभावाचं कोडंही इथेच सुटतं. त्याच्या बायकोचं बहिरेपण वेगळ्या कारणाचं आहे. त्याची बिघडलेली प्रत मुलांना मिळाली, पण त्याच जनुकाची तिची प्रत धड होती. म्हणून मुलं ऐकतात. आजीला हे थोरल्याच्या पुतणीनं, म्हणजे आमच्या विद्यार्थिनीनं समजावलं: तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे जोडीनं मांडून. आजीनं वारूळ सोडलं नाही, पण सुनेला दोष देणं त्या दिवसापासून बंद केलं. मला तेवढं पुरे होतं.

जनुकाची चाचणी या घरात अजून झालेली नाही, त्यामुळे नेमकं जनुक कुठलं ते मी लिहीत नाही. भारतात असं बहिरेपण घडवणाऱ्या जनुकांत जीजेबी२ हे फार मोठ्या प्रमाणावर सापडतं. त्याच्यापासून कनेक्सिन-२६ नावाचं प्रथिन तयार होतं आणि आतल्या कानातल्या पेशींमध्ये पोटॅशियमची ये-जा चालू राहायला ते लागतं. ती थांबली की आवाज कानात शिरतो पण पुढे जात नाही. चेहरा, बुद्धी, तब्येत सगळं ठीक असतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

पडद्यावर

त्या तरुणांचं मन वाईट नव्हतं, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यातल्या धडकाई गावाबद्दल त्यांनी वाचलं होतं. गुज्जर समाजाचं डोंगरातलं गाव, आपसात लग्नं, पिढ्यान्‌पिढ्या बहिरेपण. बातम्या त्याला शांततेचं गाव म्हणतात. तसंच काही विदर्भात सापडलं म्हणून ते आले होते. मी त्यांना दुसरी दोन उदाहरणं सांगितली. बालीच्या उत्तर भागातलं बेंगकाला: तिथल्या बहिरेपणाचं जनुक १९९८ साली निश्चित झालं, आणि तिथे काता कोलोक नावाची गावची हातांची भाषा आहे, ती ऐकणारेही बोलतात. दुसरं अमेरिकेतलं मार्थाज व्हिनयार्ड बेट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साधारण ५,७२८ माणसांमागे एक बहिरा असे, या बेटावर १५५ मागे एक आणि चिलमार्क गावात २५ मागे एक. तिथे मासेमारीला जाणारा, दुकान चालवणारा, सगळेच हातांनी बोलत. बाहेरची लग्नं वाढली तसं बहिरेपण ओसरलं. त्या वंशातली शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली गेली.

मी त्यांना म्हटलं, आपल्या वस्तीतही न्हावी, किराणावाला, शेजारणी थोरल्याशी हातांनीच बोलतात, ते टिपा. त्यांनी टिपलं. पण कापताना ते गळलं.

पहिली आवृत्ती तयार झाल्यावर मी एकच अट घातली: बाहेर कुठेही दाखवण्याआधी ज्यांच्यावर आहे त्यांना दाखवा. समाजमंदिरात पांढरा कपडा बांधून दाखवली. मराठी उपशीर्षकं होती, पण थोरल्याला वाचता येत नाही. त्याच्या आयुष्यावरची फिल्म त्याला कळेल अशी सोयच कोणी केली नव्हती. मी शाळेत शिकवते ती भारतीय सांकेतिक भाषा आणि थोरल्याचे घरचे संकेत यांत बरंच अंतर आहे. पुतणीला दोन्ही येतात. म्हणून ती पडद्याशेजारी उभी राहिली: निवेदन मी तिला सांगायची, ती थोरल्याला, थोरल्याचं म्हणणं ती मला, मी मराठीत सगळ्यांना. फिल्म वारंवार थांबवावी लागली आणि रात्र बरीच चढली.

थोरल्यानं पहिल्यांदा थांबवलं ते पाराच्या दृश्याला. संधिप्रकाशात तो एकटा बसलेला, खाली बासरी, आणि निवेदनात त्याच्या एकाकी आयुष्याबद्दल वाक्य. तो उठला आणि तावातावानं सांगू लागला: मी बंडीची (बैलगाडीची) वाट पाहत होतो, सकाळपासून डवरणी केली ती कुठे गेली? लोक हसले, तोही हसला. दिग्दर्शक पोरानं वहीत लिहून घेतलं.

मग दुसरं दृश्य आलं. थोरला वावराच्या कडेला उभा राहून कॅमेऱ्याकडे पाहत हात हलवतोय, भराभर, बराच वेळ. त्यावर संगीत होतं, आणि एक ओळ: शब्दांविना त्याचे हात काही सांगू पाहतात. थोरला पडद्यापाशी गेला, स्वतःच्याच चित्राकडे बोट दाखवलं आणि तेच हात पुन्हा केले, या वेळी पुतणीकडे पाहून. ती गप्प झाली. मग तिनं मला सांगितलं आणि मी मोठ्यानं सांगितलं: त्या वावराच्या मालकाकडे दुसऱ्या गड्यांना जेवढी रोजी मिळते, त्यातली एक नोट त्याला कमी मिळते. काम तो त्यांच्याआधी संपवतो. विचारलं तर मालक हसून पाठीवर थाप मारतो. कित्येक हंगाम झाले. ही माणसं शहरातून आली, मोठं यंत्र घेऊन आली, म्हणून त्यानं त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी मी तिथे नव्हते, पुतणीही नव्हती. त्या पोरांनी मान डोलावली ती आदरापोटी. पण थोरल्यानं तक्रार नोंदवली, ती नोंदवली गेली असं समजून तो घरी गेला, आणि ती तक्रार एका सुरेल तुकड्याखाली शोभेची झाली. बहिरेपणावरच्या फिल्ममध्ये ज्याचं ऐकायचं त्याचंच ऐकलं नाही. मूळ चित्रीकरण काढून पाहिलं तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं: नोटा मोजल्याचं, दुसऱ्या गड्यांकडे बोट दाखवल्याचं, मालकाच्या हसण्याची नक्कल केल्याचं. कुणीही गावकरी ते पाहून समजला असता. विचारायला हवं हेच कोणाच्या मनात आलं नव्हतं, कारण हे बोलणं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मालक समाजमंदिरातच बसला होता. तो काही बोलला नाही, उठून गेला.

पुतणीचा आक्षेप थोडक्यात सांगते. तिच्या दृश्यावर निवेदन होतं की ती बोलू शकत नाही. तिनं म्हटलं, मी दहावी झाले आहे, मी का घरी बसले ते मला विचारा. कारण सरळ आहे. दहावीनंतर तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात गेली तर वर्गात दुभाषी नाही. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्याचे ओठही दिसत नाहीत. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणात सांकेतिक भाषा देशभर एकसारखी करण्याची भाषा आहे, दिल्लीत सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था २०१५ पासून आहे. यातलं काहीच त्या वर्गापर्यंत पोहोचलेलं नव्हतं.

तान्ही मुलगी

फिल्मचं काम चालू असतानाच घरातल्या तान्ह्या मुलीचा प्रश्न उभा राहिला. घरच्यांनी आपल्या रीतीनं तपासलं होतं, पाठीमागे थाळी वाजवून. ती दचकली, सगळे निश्चिंत झाले. थाळीची चाचणी फसवी असते हे प्रत्येक आशाताईनं आणि अंगणवाडीताईनं लक्षात ठेवावं. जमिनीची थरथर, हवेचा झोत, हलणारी सावली, कशानंही बाळ दचकतं. थोरल्याला मात्र पटलं नाही. त्याला थरथर आमच्यापेक्षा जास्त कळते. त्यानं बाळाला मांडीवर घेतलं, जमिनीपासून सुटं, आणि पुतणीला मागे लांब उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. बाळ खेळतच राहिलं.

जिल्हा रुग्णालयात नेलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, जन्मजात बहिरेपण धरलेलं आहे. पुढच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. आधी ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते पाहणारी) आणि मग झोपेतली बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणारी) तपासणी झाली. दोन्ही कानांत अतितीव्र बहिरेपण निघालं. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचाराची सुरुवात सहाव्यापर्यंत, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. ही मुलगी त्या मर्यादेच्या थोडीच पुढे होती. तिची आत्या, आमची विद्यार्थिनी, आमच्याकडे आली तेव्हा शाळेच्या वयाची झाली होती आणि तोपर्यंत तिला घरच्या संकेतांपलीकडे भाषाच मिळाली नव्हती. एवढा फरक एका पिढीत पडला, आणि तो पडला थोरल्यामुळे.

श्रवणयंत्रं लागली. कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेनं बसवायच्या यंत्राचं, विचारलं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांच्या आतल्या जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी त्याचा खर्च सरकार उचलतं, २०१४ च्या सुधारणेत तो सहा लाखांपर्यंत होता, आणि त्याचं काम बहिरेपणावर काम करणाऱ्या मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालतं. पण शस्त्रक्रिया हा त्यातला सोपा भाग. पुढे वर्षानुवर्षं वाचा-उपचार लागतात, यंत्राचे सुटे भाग लागतात, आणि हे घर रोजीवर जगतं. वेचणीच्या दिवसांत आठवड्याचा एक दिवस जिल्ह्याला घालवणं म्हणजे काय, हे वावरात राबणाऱ्यालाच कळतं. बाळाची आई मला वेगळंच विचारत होती: "मॅडम, मशीन बसवली तं मंग हे थोरल्या आबासंग बोलन का नाही?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. १८८० मध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिनं तोंडी पद्धतीच्या बाजूनं ठराव केला, आणि जगभरच्या शाळांत मुलांचे हात बांधले गेले. हातांनी बोलू दिलं तर तोंडानं बोलणार नाही, ही भीती आमच्याही शाळांत पक्की बसली होती. ती खरी नाही. मी तिला सांगितलं, दोन्ही द्या. यंत्र चालो न चालो, वेळेवर मिळालेली भाषा वाया जात नाही. आणि या बाळाला घरातच दोन शिक्षक आहेत. इम्प्लांटचा निर्णय घरानं अजून घेतलेला नाही. मी त्यांना घाई करत नाही, पण वय पुढे सरकतंय हे प्रत्येक भेटीत सांगते.

नाव

कारभाऱ्यानं फिल्म पाहून एकच गोष्ट मागितली. "नाव टाकू नका बाप्पा. पोरीचं जमवाचं हाये अजून."

धाकटी मुलगी ऐकणारी आहे. ऐकते एवढं पक्कं असल्यानं उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोनांत ती वाहक असेल. नात्याबाहेरच्या, वाहक नसलेल्या मुलाशी लग्न झालं तर तिची मुलं या कारणानं बहिरी होणार नाहीत. पण सोयरिकीच्या बैठकीत एवढं ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. त्या घरात मुकी आहेत एवढंच पुढे जातं. थोरल्याचं मत उलट होतं. त्याला चेहरा हवा होता, गाव हवं होतं, मालकाचं नावही हवं होतं. लपवायचं काय त्यात, असं तो विचारत होता, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

तडजोड ठरली ती अशी: ज्यांनी होकार दिला त्यांचे चेहरे राहतील, गाव, आडनाव, शाळेची पाटी, दूध संकलनाचा फलक, सगळं जाईल. मालकाचंही नाव नाही. धाकटी मुलगी फिल्ममध्ये नाहीच. माझं मत विचाराल तर मी कारभाऱ्याच्या बाजूनं होते. फिल्म करणारे निघून जातात. सोयरिकीचं पुढे कित्येक वर्षं गावात राहणाऱ्यांनाच निस्तरावं लागतं. तरी समाजमंदिरातल्या त्या रात्री कोणीतरी मोबाइलवर तुकडा काढलाच आणि तो शापित गाव अशा मथळ्यानं फिरला. आलेलं एक स्थळ त्यामुळे गेलं. पुढच्या स्थळाला कारभाऱ्यानं स्वतःच सगळं आधी सांगितलं, श्रवणतज्ज्ञांनी काढलेली वंशावळ समोर ठेवली. बोलणी चालू आहेत.

नव्या आवृत्तीत विहिरीचं निवेदन नाही, वारूळ फक्त आजीच्या तोंडून येतं. थोरल्याचं बोलणं पूर्ण आहे, संगीताशिवाय, खाली मराठी ओळी, आणि कोपऱ्यात पुतणी तेच भारतीय सांकेतिक भाषेत सांगते. तिला त्या कामाचे पैसे मिळाले. फिल्म कुठेही दाखवायची तर घरातलं कोणीतरी हजर असलं पाहिजे, अशी अट लेखी झाली आहे. थोरल्याचं दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठीचं श्रवणमापनही उरकून घेतलं. कायद्यानं दोन्ही कानांत ७० डेसिबलच्या पुढे बहिरा धरतात, तो त्याच्या कितीतरी पुढे आहे, पण कागद नव्हता म्हणून निराधार योजनेच्या यादीत त्याचं नाव आजवर नव्हतं.

त्या मालकानं या हंगामापासून रोजी सारखी केली. दुसऱ्या दोन वावरांत अजून फरक आहे. हप्त्याच्या दिवशी आता पुतणी थोरल्यासोबत जाते आणि सगळ्या गड्यांसमोर वहीत आकडे लिहून घेते.